वाढलेल्या आयुष्याची जपणूक : एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा आहार आणि हृदयाचे आरोग्य

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या औषधवैद्यक व आहारशास्त्र विभागांच्या वतीने झालेल्या भाषणाची संहिता)



आजचा विषय ऐकून काहींना किंचित नवल वाटले असेल. एचआयव्ही म्हटले की क्षयरोग, खंगलेले शरीर, वारंवार होणारा ताप यांची चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. हृदयविकाराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि या आजाराचे स्वरूप गेल्या दोन दशकांत इतके पालटले आहे, की रुग्णाच्या ताटाकडे आणि त्याच्या हृदयाकडे आता एकत्रच पाहावे लागते. हा बदल कसा झाला आणि त्यात आपणा प्रत्येकाचा वाटा कोणता, हे आज थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आयुष्य वाढले, प्रश्न बदलले

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळली. त्यानंतरची दहा वर्षे वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सिद्ध झाली, परंतु तिचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात, हा उपचार सेवाभावी संस्थेस देऊ केला आणि जगभरच्या औषधांच्या किमतींचे गणितच बदलले. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हा उपचार मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून तर, रोगप्रतिकारशक्ती घसरण्याची वाट न पाहता, निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण देशाने स्वीकारले. आज भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची संख्या सुमारे २५ लाख असून त्यांतील सर्वाधिक व्यक्ती आपल्या महाराष्ट्रात आहेत.

या तारखांचा अर्थ घराघरात उमटलेला आहे. २००४ मध्ये तिशीत असताना ज्याने औषध सुरू केले, तो आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याने मुलांची शिक्षणे पाहिली, लग्ने पाहिली. नियमित औषध घेणाऱ्या व्यक्तीचे आयुष्यमान आता इतरांच्या बरोबरीच्या जवळ पोहोचले आहे. परंतु पन्नाशीनंतर जे आजार सर्वांनाच गाठतात, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, ते याही व्यक्तींना गाठतात. किंबहुना काहीसे लवकर गाठतात.

आहारविषयक सल्ल्याचेही असेच आहे. त्या काळी रुग्ण आमच्याकडे येत तेव्हा त्यांचे वजन झपाट्याने घटलेले असे. तूप, साखर, केळी, शेंगदाण्याचा लाडू, जे पोटात जाईल ते आणि जेवढे जाईल तेवढे द्यावे, असा सल्ला दिला जाई आणि त्या परिस्थितीत तो योग्यच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधित प्रौढाची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते, तर लक्षणे असणाऱ्याची २० ते ३० टक्क्यांनी. आजही ज्याचे वजन घटत आहे, ज्याला क्षयरोग आहे, त्याच्यासाठी, तसेच वाढत्या वयाच्या मुलांसाठी व गर्भवती भगिनींसाठी भरपूर व पौष्टिक अन्न हाच पहिला नियम आहे. त्यांनी या भाषणातील कपातीच्या सूचना वैद्यकीय सल्ल्यावाचून लागू करू नयेत. मात्र ज्यांचा आजार आटोक्यात आहे, वजन स्थिर किंवा वाढते आहे, अशा बहुसंख्य व्यक्तींच्या घरी तो जुना सल्ला आजही श्रद्धेने पाळला जातो. आईने मुलासाठी, पत्नीने पतीसाठी वाढलेला तो तुपाचा चमचा प्रेमाचाच असतो. परंतु त्याची मात्रा आता ठरवून घेण्याची वेळ आली आहे.

हृदयाला अधिक धोका का?

२०१८ मध्ये जगभरातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असल्याचे त्यातून दिसून आले. याची कारणे तीन प्रकारची आहेत.

पहिले कारण विषाणू स्वतः. संसर्गाच्या आरंभीच तो आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशींची मोठी हानी करतो. त्यामुळे आतड्यातील जिवाणूंचे काही अंश रक्तात झिरपत राहतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा सतत जागी राहते. औषधांनी विषाणू दबला तरी ही मंद धग पूर्णतः विझत नाही. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर त्या धगीने खरबरीत होते आणि तेथे मेदाचे थर जमू लागतात.

दुसरे कारण काही औषधांचे परिणाम. जुन्या काळातील स्टॅव्ह्युडिन या औषधामुळे गालांवरचा व हातापायांचा मेद झडत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते वापरातून काढून टाकण्याची शिफारस केली. रिटोनाविरसह दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात. हल्ली बहुतेकांना दिले जाणारे डोल्युटेग्राविर हे अत्यंत प्रभावी औषध आहे. मात्र ते घेताना काहींचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढताना आढळते.

तिसरे कारण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे : तंबाखू, बैठे काम, तळलेले पदार्थ, मीठ, मानसिक ताण. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखूची पुडी, बिडी आणि मिश्री घरोघरी टिकून आहेत. हृदयासाठी एकच गोष्ट सोडायची असेल तर ती तंबाखू होय, असे आम्ही प्रत्येक रुग्णास सांगतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. औषधांमुळे चरबी वाढते, असे ऐकून कोणी औषध बंद करण्याचा विचार करील, तर तो घात ठरेल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात काही रुग्णांचे औषध मध्ये मध्ये थांबविण्यात आले होते. अखंड औषध घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू अधिक झाले आणि हृदय, यकृत व मूत्रपिंडाचे गंभीर विकारही अधिक आढळले. अनियंत्रित विषाणू हृदयाला औषधापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. म्हणून नियमित एआरटी हाच हृदयरक्षणाचा पाया. आहार त्याला बळ देतो, त्याची जागा घेत नाही.

ताटात काय असावे?

हृदयाला हितकर आहार म्हणजे महागडा, परदेशी किंवा बेचव आहार, असा समज आढळतो. वास्तविक आपल्या आजीच्या काळातील ताट त्याच्या पुष्कळ जवळ जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असावे.

हे आकडे स्वयंपाकघरात कसे उतरवायचे? ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, एक पालेभाजी, एक फळभाजी, काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि ताक. मांसाहार करणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. हे स्वस्त मासे ट्रायग्लिसराइड उतरविणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धांशाने समृद्ध आहेत. फक्त ते तळण्याऐवजी कालवणात घालावेत. शाकाहारी मंडळींना जवस उपलब्ध आहे. त्यातील सुमारे निम्मा स्निग्धांश याच जातीचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात परंपरेने होणारी जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे ताटात आली तर ती औषधाइतकी मोलाची आहे. डाळी, मेथी, गवार, पेरू यांतील विरघळणारा तंतुमय भाग कोलेस्टेरॉल बांधून शरीराबाहेर नेण्यास साहाय्य करतो.

तेलाचा हिशेब गृहिणींना मासिक किराण्यातच समजतो. दरडोई दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. तूप, लोणी आणि बाहेरचे तळलेले पदार्थही यातच आले. घरात पाच-सहा किलोचा डबा महिन्यात संपत असेल, तर कपातीस वाव आहे हे उघड आहे. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, मोहरी अशी तेले आलटून पालटून वापरावीत. पामतेल स्वस्त असले तरी त्यातील जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो, आणि बाजारातील फरसाण व बेकरीचे पदार्थ बहुधा त्यातच होतात. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयास सर्वांत घातक. २०२२ पासून खाद्यपदार्थांतील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम झाला आहे. तरीही तेच तेल पुनःपुन्हा तापविणाऱ्या गाड्यांपासून दूर राहिलेलेच बरे.

मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली सुकी मासळी यांतून ती नकळत ओलांडली जाते. साखर चहातून जाते : दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर झाली. हळूहळू ती निम्म्यावर आणावी. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच, हे लक्षात असू द्यावे.

उपवासांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वडे यांनी उपवास साजरा होतो. त्यात पिष्टमय व स्निग्ध पदार्थच अधिक. त्याऐवजी राजगिरा, वरईचे तांदूळ, ताक, फळे, मूठभर शेंगदाणे घ्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपवासाच्या दिवशीही एआरटीची गोळी चुकवू नये. पाण्याबरोबर घेतलेल्या औषधाने व्रत मोडत नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर रुग्णाचा संकोच दूर होतो.

जे ट्रक चालवितात, बांधकामावर किंवा ऊसतोडीवर फिरतीचे जीवन जगतात, त्यांना हे सारे पाळणे कठीण, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांच्यासाठी आम्ही मोजकेच नियम सांगतो : ढाब्यावर बटर न लावलेली तंदुरी रोटी, वरून फोडणी न घातलेली डाळ, सोबत कांदा-लिंबू व दही, खिशात भाजलेले चणे, आणि तंबाखूला निरोप.

एकाच चुलीवरचे अन्न

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. आहाराचा सल्ला ऐकून घेतल्यावर अनेक रुग्ण, विशेषतः भगिनी, हलक्या आवाजात विचारतात, “घरी काय सांगू?” घरातील सर्वांना निदान ठाऊक असतेच असे नाही. आपल्यासाठी वेगळी भाजी, वेगळे तेल मागितले की प्रश्न सुरू होतात, आणि त्या प्रश्नांच्या भीतीने रुग्ण सल्लाच बाजूला ठेवतो. शिवाय आपल्याकडे घरातील स्त्री शेवटी जेवते. तिच्या वाट्यास बहुधा भात आणि उरलेली आमटी येते, उसळ किंवा अंडे येत नाही. स्वतःसाठी काही मागणे तिला दुहेरी कठीण असते.

यावर उत्तर साधे आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या हृदयासाठी जो आहार योग्य, तोच तिच्या सासूच्या रक्तदाबासाठी, दिराच्या मधुमेहासाठी आणि मुलांच्या वाढीसाठी योग्य आहे. वेगळी चूल मांडण्याचे कारणच नाही. म्हणून आमच्या आहारपत्रकावर ‘हृदयासाठी हितकर आहार’ एवढेच छापलेले असते. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले तरी कोणाचे गुपित उघड होत नाही.

ज्या घरांत निदान ठाऊक आहे, तेथे दुसरा प्रश्न असतो, तो वेगळ्या ताटवाटीचा. एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने, बाधित व्यक्तीने रांधलेले अन्न खाल्ल्याने एचआयव्ही पसरत नाही. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आहेत आणि तसेच राहिले आहेत, त्याच्यापासून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानेही भेदभावास प्रतिबंध केला आहे. परंतु पंगतीत मिळालेली जागा कायद्याहूनही मोठी असते. एकट्याने कोपऱ्यात बसून जेवणारा माणूस पोटभर जेवत नाही, हा आम्हां सर्वांचा अनुभव आहे.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

तूप पूर्ण बंद करावे का? नाही. ठरलेल्या २७ ग्रॅमच्या आत दिवसाला चमचाभर तूप बहुतेकांना चालते. ट्रायग्लिसराइड किंवा कोलेस्टेरॉल फार वाढलेले असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे.

अंडे चालेल का? होय. दिवसाला एक अंडे हे स्वस्त व उत्तम प्रथिन आहे. ते उकडून घ्यावे.

डब्यातील प्रोटीन पावडर घ्यावी का? बहुतेकांना गरज नसते. त्याच पैशांत महिनाभराच्या डाळी, शेंगदाणे आणि अंडी येतात.

लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे? डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांनी याबाबत दक्ष राहावे. लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्याबरोबर घ्यायची असल्यास दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात. अन्यथा डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्ताच्या औषधांसाठी मात्र हे अंतर जेवण असो वा नसो पाळावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्याची मात्रा ठरवून द्यावी लागते.

कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी का? २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह बारा देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधित व्यक्तींचा, ज्यांना हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम मानला गेला होता अशांचा, त्यात समावेश होता. पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यामुळे चाळिशीनंतर प्रत्येकाने या गोळीविषयी डॉक्टरांशी बोलावे, पण ती परस्पर सुरू करू नये. रिटोनाविर चालू असता सिमव्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन ही औषधे धोकादायक ठरतात. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञांपासून एआरटी लपवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. येथे गुप्तता जपली जाते. लपविल्याने मात्र जीव धोक्यात येतो.

तपासणी कोणती? वर्षातून एकदा तरी रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, वजन आणि कंबरेचा घेर. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत व स्त्रियांची ८० च्या आत असावी. छातीवर दडपण, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, अचानक धाप लागणे यांस आम्लपित्त समजून घरी थांबू नये. त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

देणगीदारांस विनंती

आपल्यापैकी अनेकजण सणासुदीस रुग्णांसाठी शिध्याची पाकिटे पाठवितात. त्या पाकिटांनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. आता त्यातील जिन्नस काळानुरूप व्हावेत, एवढीच आमची विनंती. बिस्किटे, साखर आणि वनस्पती तुपाऐवजी तूरडाळ, मूग, मटकी, शेंगदाणे, जवस, ज्वारी आणि एक किलो चांगले तेल. खर्च फारसा वाढत नाही, उपयोग मात्र अनेक पटींनी वाढतो. पाकिटावर रोगाचे नाव किंवा त्याचा उल्लेख करणारी कोणतीही खूण नसावी. ते घेऊन जाणारी भगिनी बसमधून आणि आपल्या गल्लीतून जाणार असते.

दुसरी विनंती तपासणीसाठी. रक्तातील मेदाच्या तपासणीचा खर्च मध्यमवर्गीयांस किरकोळ वाटतो. रोजंदारीवरील रुग्णास त्यासाठी एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च वेगळा मोजावा लागतो, आणि मग ती तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. आपल्या वाढदिवशी किंवा प्रियजनांच्या स्मृतिदिनी एका रुग्णाच्या वार्षिक तपासणीचा भार उचलल्यास एखादा झटका येण्यापूर्वीच टळू शकेल.

रुग्णांच्या आप्तेष्टांना आम्ही एवढेच सांगू : औषध सरकार देते, सल्ला आम्ही देतो, परंतु ताट आपण वाढता. दिवसातून दोनदा, वर्षातून सातशेहून अधिक वेळा ही संधी आपल्या हाती येते. विश्वस्त, देणगीदार, परिचारिका, समुपदेशक आणि स्वयंपाकघरातील सेवकवर्ग या सर्वांच्या सहकार्यानेच हे कार्य चालले आहे.